गृहभित्तीवरील पुराणकथा : अभिजात उत्थितशिल्पांच्या प्रतिकृती आणि त्यांचे पाठभेद

इ. स. पू. ६७ च्या सुमारास मार्कस टुलियस सिसरो याने अथेन्समध्ये राहणाऱ्या आपल्या अ‍ॅटिकस या मित्रास जी पत्रे लिहिली, त्यांतील बराचसा मजकूर खरेदीचा आहे. टस्क्युलम येथील आपले नवे घर सजविण्याच्या खटपटीत सिसरो त्या वेळी होता. मेगारा येथील संगमरवरी मूर्तींसाठी २०,४०० सेस्टर्स भरल्याचे तो एका पत्रात कळवितो, आणि आणखी एका पत्रात त्याची एक लहानशी मागणी येते : आपल्या छोट्या चौकाच्या भिंतीच्या गिलाव्यात बसविता येतील असे काही ‘टाइपोस’ आणि आकृत्या कोरलेले विहिरीचे दोन कठडे पाठवून द्यावेत. या ‘टाइपोस’वर कोणत्या देवतेची कथा असावी, शिल्पी कोण असावा, शिल्प जुने असावे की नवे, याविषयी सिसरो चकार शब्द काढीत नाही. त्याला हवे आहेत ते गिलाव्यात बसणारे ठोकळे.

घरातील उत्थितशिल्पाच्या, म्हणजे सपाट पृष्ठभागातून उठावाने काढलेल्या शिल्पाच्या, इतिहासात या मागणीचे महत्त्व फार आहे. अभिजात पुराणकथांची उत्थितशिल्पे घराच्या भिंतीवर लावण्याची प्रथा ही मूळ कलाकृतीच्या उत्तरकालीन ऱ्हासाची खूण आहे, अशी एक समजूत कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. आधी देवालय, मग श्रीमंताचा वाडा, मग मध्यमवर्गीयाची बैठक, असा एक उतरता जिना या समजुतीत कल्पिलेला असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा जिना काल्पनिक आहे. गृहभित्तीवरचे उत्थितशिल्प ज्या काळापासून आपल्याला निश्चित ओळखता येते, त्या काळापासूनच ते आवृत्तीच्या स्वरूपात आहे. म्हणून त्याचा अभ्यास मूळ आणि नक्कल या द्वंद्वाने न करता, ग्रंथाच्या पोथ्यांचा करतात तसा, पाठपरंपरेच्या दृष्टीने केला पाहिजे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा विद्यार्थी असल्याने हा दृष्टिकोन त्याला सोयीचा वाटतो, हा आक्षेप कोणी घेतल्यास तो मान्य आहे; परंतु पुरावाही त्याच बाजूस आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘टाइपोस’ हा ग्रीक शब्द ‘मारणे, ठोकणे’ या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. मूळ अर्थ आघात, मग आघाताने उमटलेली खूण, मग ठसा, मग ठशाने उमटलेली उठावाची आकृती. म्हणजे उत्थितशिल्पाला ग्रीकांनी जे नाव दिले, त्यातच पुनरावृत्तीची शक्यता गृहीत आहे. ठसा एकदाच उमटवायचा असेल तर तो करण्याचे कारणच उरत नाही. पुढे छापखान्याच्या खिळ्यांना युरोपीय भाषांत हेच नाव मिळाले, आणि त्या मार्गाने ‘टाइप’ मराठीतही आला. या शब्दाला प्रतिशब्द घडविताना आपल्याकडे ‘टंकलेखन’ ही संज्ञा रूढ झाली. संस्कृत ‘टंक’ म्हणजे टाकी, छिन्नी, तसेच ठसा मारलेले नाणे. ‘टांकसाळ’ ही मूळची ‘टंकशाला’. प्रतिशब्द घडविणारांच्या मनात सिसरोचा चौक खचितच नव्हता, परंतु दोन्ही भाषांतील मूळ कल्पना मात्र एकमेकींवर चपखल बसल्या आहेत.

दुसरा शब्द ‘एम्ब्लेमा’. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘आत बसविलेली वस्तू’ एवढाच आहे. चांदीच्या पात्राच्या तळाशी किंवा बाजूस उठावाच्या कामाची एक स्वतंत्र चकती बसवीत, ती एम्ब्लेमा. ती बसविता येई, म्हणूनच काढताही येई. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्यावर इ. स. पू. ७० मध्ये खटला झाला. त्यासाठी सिसरोने लिहिलेल्या भाषणांत या सुभेदाराने लोकांच्या घरांतील पात्रांवरून अशा चकत्या उपटून काढल्या, आणि सिराक्यूजच्या राजवाड्यात आठ महिने कारागीर बसवून त्या सोन्याच्या नव्या पात्रांवर जडविल्या, असा आरोप आहे. एका पात्रावरून दुसऱ्या पात्रावर सहज जाणारी ही चकती मूळ संदर्भापासून तुटते, आणि मग ‘स्वतंत्रपणे अर्थ वाहणारी आकृती’ म्हणून वावरू लागते. युरोपीय भाषांत या शब्दाचा अर्थ अखेरीस ‘प्रतीक’ असा झाला, त्या अर्थांतराचे बीज मला या जडावकामातच दिसते.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून अथेन्समधील शिल्पशाळांनी रोमन गिऱ्हाइकांसाठी जे काम केले, त्याला अभ्यासक ‘नव-अ‍ॅटिक’ असे नाव देतात. फ्रीड्रिख हाउझर याने १८८९ मध्ये या उत्थितशिल्पांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याने एक लक्षणीय गोष्ट पुढे आणली. या शेकडो शिल्पांतील आकृत्या मोजक्याच आहेत. डायोनायससच्या मागून बेभान होऊन नाचणाऱ्या मेनॅड स्त्रियांचेच उदाहरण घ्या. मान मागे टाकलेली एक, हाती कापलेले करडू घेतलेली एक, डफ वाजविणारी एक, अशा सुमारे आठ आकृती पुनःपुन्हा भेटतात. कधी चौकोनी फरशीवर, कधी संगमरवरी कलशाभोवती, कधी वेदीवर. त्यांचे मूळ इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीच्या कॅलिमॅकस या शिल्पीकडे नेण्याचा प्रघात आहे. आज त्यांच्या आवृत्त्या माद्रिद, रोम, न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत विखुरलेल्या आहेत. कारागीर या आकृत्यांचा क्रम बदलतो, दोन गाळतो, एक दुसऱ्याच कथेतून उसनी आणतो. आकृती ठरलेली, जुळणी मोकळी. भाषेत ज्याला आपण शब्द म्हणतो त्याच्याशी हिचे साम्य आहे. वाक्य दर वेळी नवे असते, पण शब्द नवा नसतो.

१९०७ मध्ये ट्युनिशियाच्या किनाऱ्याजवळ माहदिया येथे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेले जहाज सापडले. ते इ. स. पू. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातले, म्हणजे सिसरोच्याच हयातीतले. त्यात संगमरवरी स्तंभांच्या राशी होत्या, ब्राँझच्या मूर्ती होत्या, दीपस्तंभ होते, आणि डायोनायससच्या मिरवणुकीच्या उठावाने नटलेले मोठे कलशही होते. लूव्ह्र संग्रहालयातील बोर्गेसे कलशावर जी मिरवणूक आहे तीच या कलशांवर आहे. पिरियस बंदराच्या तळातून १९३०-३१ मध्ये इ. स. दुसऱ्या शतकातील संगमरवरी फरशा वर आल्या, त्यांचे तर आणखी नवल. अथीना पार्थेनॉसच्या ढालीवर फिडियसने दाखविलेल्या अ‍ॅमेझॉनांच्या युद्धातील जोड्या सुट्या करून त्या फरशांवर कोरलेल्या आहेत, आणि एकाच दृश्याच्या एकाहून अधिक प्रती त्या एकाच मालात आहेत. हा निर्यातीचा माल होता, हे वेगळे सांगावयास नको.

हा माल उतरल्यावर त्याचे काय होई, याचे उत्तर व्हेसूव्हियसच्या राखेने जपून ठेवले आहे. पाँपेई येथील ‘सोनेरी मदनांचे घर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत अंगणाभोवतीच्या ओवरीच्या भिंतीत संगमरवरी उत्थितशिल्पे बसविलेली आढळली. हर्क्युलेनियम येथे एका घराला तर तेथे सापडलेल्या टेलेफसच्या कथेच्या शिल्पावरूनच नाव मिळाले. त्याच नगरात १९९७ आणि २००९ मध्ये एका घरातून डायोनायससच्या परिवाराची दोन शिल्पे निघाली, तीही भिंतीत बसविलेली. सिसरोने ‘गिलाव्यात बसविता येतील’ असे जे लिहिले, ते शब्दशः असे होते.

संगमरवर परवडत नसे त्यांच्यासाठी, आणि कित्येकदा परवडत असलेल्यांसाठीही, मातीच्या फरशा होत्या. साच्यात माती दाबून, सुकवून, भाजून, वर रंग देऊन त्या तयार करीत. इ. स. पू. पहिल्या शतकापासून इ. स. दुसऱ्या शतकापर्यंत मध्य इटलीत त्यांचा मोठा प्रसार होता. हर्क्युलीसची कृत्ये, पर्सियस, थीसियस, द्राक्षे तुडविणारे सॅटिर, बैलाचा बळी देणारी विजयदेवता हे त्यांवरचे नेहमीचे विषय. यांना ‘कांपाना फरशा’ म्हणतात, ते जानपिएत्रो कांपाना या रोमन संग्राहकावरून. याने १८४२ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ काढला. पुढे आपण ज्या सरकारी पतपेढीचा संचालक होतो तिच्याच पैशाने तो पुराणवस्तू घेत असल्याचे उघडकीस आले, त्याला शिक्षा झाली, आणि १८६१ मध्ये त्याचा संग्रह मुख्यतः फ्रान्स आणि रशिया यांनी वाटून घेतला. व्हेरेसपासून कांपानापर्यंत या वस्तूंच्या वाट्याला असे रसिक वारंवार आले आहेत.

या फरशांतील दोन गोष्टी अभ्यासकाने हातात घेऊन पाहाव्यात अशा आहेत. पहिली, खिळ्यांची भोके. ती भाजण्यापूर्वीच पाडलेली असतात. फरशी कोणत्या भिंतीवर जाणार हे कुंभाराला ठाऊक नसे, पण ती भिंतीवर जाणार हे त्याला पक्के ठाऊक असे. दुसरी गोष्ट मोजमापाची. माती सुकताना व भाजताना आकसते. तयार फरशीवरून नवा साचा घेतला, त्या साच्यातून पुन्हा फरशी काढली, की दुसऱ्या पिढीची फरशी पहिलीपेक्षा लहान होते. तिसरी त्याहून लहान, आणि तपशीलही बोथट. त्यामुळे एकाच दृश्याच्या फरशा मापाने लावून त्यांची वंशावळ मांडता येते. पोथ्यांच्या अभ्यासकाला सामायिक चुकांवरून जे करावे लागते, ते येथे पट्टी ठेवून होते.

वंशावळीचा हा विचार शिल्पाच्या अभ्यासात खरोखरीच ग्रंथसंपादनातून आला. लाखमान या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हस्तलिखितांची तुलना करून लुप्त मूळ प्रत सिद्ध करण्याची पद्धत रूढ केली. १८९३ मध्ये आडोल्फ फुर्टव्हेंगलर याने ग्रीक शिल्पाच्या उत्कृष्ट कृतींवरील आपल्या ग्रंथात रोमन प्रतींवरून लुप्त ग्रीक मूळ शोधण्याचा मोठा उद्योग केला, त्यामागे हीच दृष्टी आहे. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या पद्धतीचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण होय. परंतु सुखटणकरांनी जे पाठ तळटीपांत व परिशिष्टांत घातले, ते फेकून दिले नाहीत. लोकांनी शतकानुशतके ऐकलेले महाभारत त्या तळटीपांतच आहे, हे कोणीही जाणता वाचक मान्य करील. शिल्पाच्या क्षेत्रात मात्र तळटीपा गेल्या. प्रतींचा उपयोग मुळापर्यंत चढण्याची शिडी एवढाच झाला. वर पोहोचल्यावर शिडी काढून टाकली. एखादी प्रत कोणत्या घरात, कोणत्या भिंतीवर, कोणाच्या शेजारी होती, या प्रश्नाला दुय्यम मानण्यात आले. उत्खननातून निघालेल्या कित्येक फरशा भिंतीपासून सुट्या करून संग्रहालयाच्या कपाटात लावताना त्यांच्या जागेची नोंदही राहिली नाही. हे नुकसान भरून येण्यासारखे नाही.

कारण जागेने अर्थ ठरतो, हे सिसरोलाच नीट ठाऊक होते. वर त्याने आकृतीविषयी मौन पाळल्याचे सांगितले, परंतु हा निष्काळजीपणा नव्हे. पुढे गॅलस नावाच्या मित्राने आपल्या पसंतीने मूर्ती घेऊन पाठविल्या तेव्हा त्याने मोठी तक्रार केली. मेनॅडांचा तांडा आपल्या घरी शोभेल कोठे? ग्रंथालयात म्यूझ देवता ठेवता आल्या असत्या. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने मार्सची मूर्ती घ्यावी ती कशाला? विनोदाच्या ओघात तो असेही सुचवितो की त्यापेक्षा मर्क्युरी बरा, निदान देणेकऱ्यांशी व्यवहार तरी सोपा होईल. संस्कृत साहित्यशास्त्र ज्याला औचित्य म्हणते, तीच ही कसोटी आहे. पुराणकथेवर सिसरोची श्रद्धा आहे की नाही, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. कथा घराच्या त्या खोलीशी आणि घरधन्याच्या चारित्र्याशी जुळली पाहिजे, एवढीच त्याची अट आहे.

आणि जागा बदलली, की तीच आकृती दुसरा अर्थ निमूटपणे पत्करते. याचे माझ्या पाहण्यातील सर्वांत बोलके उदाहरण पिसा येथील आहे. तेथे कांपोसांतोमध्ये एक नव-अ‍ॅटिक कलश आहे. त्यावर सॅटिराच्या खांद्यावर भार टाकून उभा असलेला, दाढीधारी, मद्याने जडावलेला डायोनायसस आहे. निकोला पिसानो याने १२६० मध्ये तेथील बाप्तिस्मागृहाचे व्यासपीठ घडविले, तेव्हा बालयेशूला मंदिरात आणल्याच्या प्रसंगात त्याने हीच आकृती उचलली. मद्याने डळमळणारा देव तेथे वार्धक्याने डळमळणारा पवित्र वृद्ध झाला आहे. आकृतीत फारसा बदल करावा लागलेला नाही.

कधी बदल करतो तो केवळ शब्द. तीन आकृत्यांचे एक प्रख्यात उत्थितशिल्प आहे : मध्ये स्त्री, दोन्ही बाजूंस पुरुष, एकाचा हात तिच्या पदराशी, दुसऱ्याने तिचा हात हलकेच धरलेला. नेपल्समधील प्रतीवर ग्रीक लिपीत नावे आहेत, हर्मिस, युरिडिसी, ऑर्फियस. म्हणजे मागे वळून पाहिल्यामुळे पत्नी कायमची गमावण्याचा तो क्षण. रोममधील अल्बानी व्हिलातही याची एक प्रत आहे. परंतु लूव्ह्रमधील प्रतीवर लॅटिन अक्षरांत झेथस, अँटिओपा, अँफिऑन अशी नावे आहेत. शिल्प तेच, वियोगाच्या जागी आता आईला ओळखणारे दोन पुत्र आले. कोणा लेखनिकाने चुकीची नावे घातली म्हणून ही प्रत कमी दर्जाची ठरविणे सोपे आहे. पण त्या नावांसह ती पाहणाऱ्या माणसाला कोणता प्रसंग दिसत होता? त्याला पुनर्मीलनच दिसत होते, आणि त्या हळुवार हातांत ते दिसण्यास काहीही अडचण नाही.

भारताच्या उंबरठ्यावरही या प्रतिकृती येऊन पोहोचल्या होत्या. अफगाणिस्तानातील बेग्राम, म्हणजे प्राचीन कापिशी, येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना १९३७ ते १९३९ या काळात दोन बंद खोल्यांतून हस्तिदंती काम, काचेची पात्रे, चिनी लाखकाम असा अपूर्व ठेवा मिळाला. त्यात गिलाव्याच्या पांढऱ्या मातीच्या, उठावाच्या सुमारे पन्नास आकृती आहेत. गरुडासह गॅनिमीड, निद्रिस्त एंडिमियन इत्यादी विषयांच्या या चकत्या ग्रीक धाटणीच्या चांदीच्या पात्रांवरून घेतलेल्या आहेत. वर ज्या एम्ब्लेमांचा उल्लेख केला, त्यांचेच हे ठसे. मूळ चांदी वितळून गेली, आणि कारागिराचा नमुना म्हणून घेतलेली माती उरली. १९९० नंतरच्या दशकात काबूलचे संग्रहालय लुटले गेले तेव्हा हाही ठेवा गेला असे जगाने धरले होते. त्यातील मोठा भाग मध्यवर्ती बँकेच्या तळघरात सुखरूप असल्याचे २००३ नंतर उघड झाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० नंतरच्या दशकात मिळालेली पोसायडनची ब्राँझमूर्ती उत्थितशिल्प नाही. तरी तीही एका प्रख्यात ग्रीक मूर्तीची घरगुती मापातली आवृत्तीच आहे, हे जाता जाता नमूद करतो.

आता अठराव्या शतकाकडे. मधल्या काळात प्रथा अगदी खंडित झाली होती असे नाही, परंतु तिला पुन्हा जोर आला तो हर्क्युलेनियम व पाँपेई यांच्या उत्खननांनंतर. अल्बानी व्हिलात कार्डिनल अल्बानीने प्राचीन शिल्पे भिंतींत बसविली. हेड्रियनच्या व्हिलात १७३५ मध्ये सापडलेले अँटिनोअसचे उत्थितशिल्प तेथे चुलाण्यावर लागले. व्हिंकेलमान याच अल्बानीचा ग्रंथपाल. इंग्लंडच्या थंड हवेत घराचे केंद्र म्हणजे अग्निस्थान, आणि त्यावरची आडवी पट्टी ही उत्थितशिल्पाची हक्काची जागा झाली. तिच्यासाठी लागणारा माल जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) याने पुरविला.

वेजवुडने आपल्या कारखान्याच्या गावाला एट्रुरिया असे नाव दिले, यावरूनच त्याचा रोख कळतो. १७७४-७५ च्या सुमारास त्याने ‘जॅस्पर’ नावाची एक घट्ट, न झिलईची माती सिद्ध केली. निळ्या वा हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा उठाव ही तिची ओळख. पांढरी आकृती साच्यात वेगळी दाबून घेत, आणि किंचित ओलावून पात्रावर किंवा फरशीवर चिकटवीत. रोमन कारागिराच्या सुट्या आकृत्या येथे अक्षरशः सुट्या झाल्या. एकच नर्तकी आज फुलदाणीवर, उद्या चुलाण्यावर, परवा गुंडीवर. जॉन फ्लॅक्समन या तरुण शिल्पकाराने १७७८ मध्ये वेजवुडसाठी ‘नृत्य करणाऱ्या होरा’ हे शिल्प घडविले, तेव्हा त्याने रोम पाहिलेलेही नव्हते. तो तेथे गेला १७८७ मध्ये. त्याच्या शिल्पाचा आधार असलेले बोर्गेसे नर्तकींचे उत्थितशिल्प तेव्हा रोममध्ये होते. त्यातील स्त्रियांना प्राचीनांनी काय म्हटले असते हे शिल्पावर लिहिलेले नाही. वेजवुडच्या घरात त्या काळाच्या, ऋतूंच्या देवता झाल्या. चुलाण्यावर, जेथे घड्याळ ठेवायचे त्याच्या खाली, होरांनी नाचावे यात पुन्हा एकदा सिसरोचे औचित्य आहे, आणि विक्रेत्याची चतुराईही. घरच्या स्त्रिया व पाहुणे यांच्यासमोर विवस्त्र देवता कशा मांडाव्यात ही चिंता वेजवुडला सतत असे, आणि त्याच्या मालावर वस्त्रे वाढत गेली.

वेजवुड एकटा नव्हता. एलिनॉर कोड हिचा लंडनमधील कारखाना १७६९ पासून भाजलेल्या कृत्रिम दगडाची शिल्पे घडवीत होता. जेम्स टॅसी याने काचेच्या लगद्यात प्राचीन रत्नांवरील कोरीवकामाच्या प्रती काढल्या. १७९१ मध्ये निघालेल्या त्याच्या सूचीत १५,८०० नोंदी आहेत. ही सूची करणारा रास्पे म्हणजे गप्पिदास बॅरन मुंचाउझेनच्या कथा इंग्रजीत लिहिणारा गृहस्थ. सूची मात्र विश्वसनीय आहे.

एकोणिसाव्या शतकात या व्यवहाराचा पाया गिलाव्याची पांढरी माती हा झाला. पार्थेनॉनच्या पट्टशिल्पाची कहाणी येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. हे पट्टशिल्प सुमारे १६० मीटर लांब आणि सुमारे १ मीटर उंच. देवालयाच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर, छताच्या सावलीत. अथेन्सच्या नागरिकालाही ते मान वर करून, खांबांच्या फटींतून, तुकड्यातुकड्यांनीच दिसे. एल्गिनने त्याचा मोठा भाग लंडनला नेला, व १८१६ मध्ये तो ब्रिटिश म्यूझियमकडे आला. जॉन हेनिंग या स्कॉटिश शिल्पीने १८११ पासून त्याची रेखाटने आरंभिली, तुटलेले भाग आपल्या कल्पनेने पूर्ण केले, आणि बारा वर्षे खपून संपूर्ण पट्ट सुमारे दोन इंच उंचीच्या मापात पाटीच्या दगडात उलटा कोरला. त्या साच्यांतून निघालेल्या पांढऱ्या पट्ट्या घरोघरी गेल्या. पण साच्यातून निघालेल्या वस्तूवरून पुन्हा साचा घेता येतो, हे कांपाना फरशांच्या कुंभाराला जसे ठाऊक होते तसे ते युरोपातील नकलाकारांनाही होते. हेनिंगच्या श्रमावर इतरांनी पैसा केला. त्याच्या हाती फारसे लागले नाही. या लघुरूपात दोन गोष्टी घडल्या. पट्ट प्रथमच सलग व अखंड दिसला, आणि तो डोळ्यांच्या पातळीवर आला. अथेन्समध्ये तो असा कोणी पाहिलाच नव्हता. ही प्रतिकृती मुळाहून उणी आहे, आणि मुळात नव्हते असे काही तिच्यात आहे. दोन्ही विधाने एकदम खरी आहेत.

बर्टेल थोरवाल्डसेन याने १८१५ मध्ये रोम येथे ‘रात्र’ आणि ‘दिवस’ ही दोन वर्तुळाकार उत्थितशिल्पे घडविली. ती प्राचीन नव्हेत, परंतु घरातील अभिजाताची भूक त्यांनी बहुधा सर्वांत अधिक भागविली. पंख मिटत आलेली रात्रदेवता दोन निजलेली बालके कवटाळून उडते आहे, सोबत घुबड. ग्रीक परंपरेत रात्रीचे हे दोन पुत्र म्हणजे निद्रा आणि मृत्यू. कोपनहेगनच्या चिनीमातीच्या कारखान्यांनी ही चकती बिनझिलईच्या पांढऱ्या मातीत काढली, आणि ती शयनगृहाच्या भिंतीवरही लागली व डेन्मार्कमधील थडग्यांच्या शिळांवरही. शयनगृहात दोन्ही मुले झोपलेली असतात. थडग्यावर त्यांतले एक मृत्यू असते.

या साऱ्यांची विक्री करणारे लोक कोण? लंडनमध्ये दोमेनिको ब्रुच्यानी (१८१५–१८८०) सारखा मोठा व्यावसायिक होता, बर्लिनमध्ये १८१९ मध्ये स्थापन झालेली राजाश्रित साचेशाळा होती. ती आजही सात हजारांहून अधिक साचे राखून आहे व मागेल त्याला प्रती विकते. परंतु खालच्या थरात, इटलीतील लुक्का प्रांतातून निघालेले गरीब फेरीवाले डोक्यावर फळी घेऊन, तीवर पांढऱ्या मूर्ती व चकत्या मांडून युरोपभर रस्तोरस्ती फिरत. पुराणकथांचा प्रसार ग्रंथांनी किती केला आणि या फळ्यांनी किती, याचा हिशोब मांडला तर ग्रंथांकडे झुकते माप जाईल असे मला वाटत नाही.

पांढरेपणाविषयी एक शब्द. मूळ ग्रीक शिल्पे रंगविलेली होती, मातीच्या रोमन फरशाही रंगविलेल्या होत्या. गिलाव्याची माती पांढरी, म्हणून प्रती पांढऱ्या. प्रती सर्वत्र, म्हणून अभिजात म्हणजे पांढरे, अशी रुची घडली. ही रुची इतकी घट्ट झाली की १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश म्यूझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून ती खरवडण्यापर्यंत मजल गेली. येथे पाठपरंपरा उलटी वाहिली. प्रतीतल्या पाठावरून मूळ पोथी दुरुस्त करण्याचाच हा प्रकार.

आपल्या घरांशी याची तुलना करावयाची तर ती जपून केली पाहिजे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी ग्रीक शिल्पांच्या पांढऱ्या प्रतींवरून रेखाटन शिकत. त्या प्रती वर्गात राहिल्या, घराच्या भिंतीवर आल्या नाहीत. घरात आली ती १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्म्याच्या मुद्रणालयातील चित्रे. त्याहून जवळचे उदाहरण मात्र देवघरात आहे. खंडोबाचा, भवानीचा किंवा कुळातील पूर्वजाचा ‘टाक’ हा चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठविलेला असतो. सोनाराकडे त्याचा ठसा असतो, आणि एकाच ठशावरून कितीतरी घरांचे टाक निघतात. ‘टाइपोस’च्या व्युत्पत्तीचे इतके शुद्ध उदाहरण ग्रीसमध्येही सापडणे कठीण. तथापि टाक झिजला की तो तसाच टाकून देत नाहीत. त्याचे विसर्जन करतात किंवा त्याच चांदीत नवा घडवितात, आणि नव्याची प्रतिष्ठा करतात. ठसा आकृती देतो, देवत्व विधीने येते. सिसरोच्या चौकात वा वेजवुडच्या चुलाण्यावर असा विधी नव्हता. तेथे आकृतीला आधार होता तो केवळ भिंतीचा, खोलीच्या उपयोगाचा, आणि कोणी लिहिले असेल तर खाली लिहिलेल्या नावाचा.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभ शैलीने किंवा शिल्पीच्या नावाने करू नये असे मी सुचवीन. प्रथम प्रतीचे माप घ्यावे. मग भोके, खाचा, चुन्याचे अवशेष, कडा तासल्याच्या खुणा पाहाव्यात. मग ती कोठून निघाली त्या खोलीचा नकाशा मिळवावा. मग त्याच आकृतीच्या इतर प्रतींवर कोणती नावे आहेत त्यांचे कोष्टक करावे. मूळ कोणते, हा प्रश्न त्यानंतरही विचारता येतो. पिरियसच्या फरशांपैकी एकाच दृश्याच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तर आरंभ करण्यास तेवढे पुरेसे आहे.